चार वकिलांचं गाणं

“गानं मधी मधी थांबू दे गो,” कृष्णाबाई म्हणाली होती. “थांबलं म्हंजे आत मानूस हाय ते कळतं.”

प्रणिता हसली होती. साईराज कडेवर, हातात नवा स्पीकर, आणि कारखान्याच्या पडवीत कृष्णाबाई एका गणपतीच्या सोंडेला पॉलिशपेपर घासत बसलेली. मान वर न करता ती बोलली, म्हणून प्रणितालाही ते फारसं मनावर घ्यावंसं वाटलं नाही. “मावशी, त्यांना सारखं उठायला लागू नये म्हणून तर आणलाय हा. थांबवायचं कशाला? आणि दाजींना काय होतंय,” असं म्हणून ती आत गेली. कृष्णाबाईनं सोंडेवरची भुकटी फुंकली आणि मूर्ती फिरवून घेतली.

आषाढ होता तो. आता पुन्हा आषाढ आलाय, पेणेत गल्लोगल्ली मूर्ती वाळत मांडल्यात, आणि प्रणिताला अजून ती फुंकर ऐकू येते.

दाजी म्हणजे प्रणिताचे सासरे. नाव पुंडलिक, पण घरात, बाजारात, सगळीकडे दाजीच. त्यांचा कारखाना पेणेतल्या मोठ्या कारखान्यांच्या मानानं एवढासा. पाच-सहा माणसं, त्यांत सगळ्यांत जुनी कृष्णाबाई. पण डोळ्यांसाठी लोक दाजींचं नाव घ्यायचे. मूर्ती कुणी घडवावी, रंग कुणी द्यावा, डोळ्यांची आखणी मात्र दाजींच्या हातची. त्यासाठी मागे वेगळी खोली होती. उत्तरेकडे खिडकी, बसायला पाट, समोर फिरवता येणारं लाकडी स्टूल, आणि कोपऱ्यात टेबलावर जुना रेकॉर्ड प्लेअर. खोलीचा नियम एकच. गाणं चालू आहे तोवर आत जायचं नाही, उंबऱ्यावरून हाकही मारायची नाही. माणूस दचकला की ब्रश हलतो, आणि एकदा काढलेला डोळा दाजी पुसत नसत. बिघडला तर ती मूर्ती ते स्वतः उचलून पाण्याच्या टाकीत सोडायचे. शाडू विरघळायचा, माती परत मळायची. तीस वर्षांत अशा मूर्ती पाचच झाल्या, असं ते सांगायचे, आणि पाचही कुणामुळे ते नावानिशी सांगायचे.

रेकॉर्ड आल्या त्या रोह्याच्या त्र्यंबकसरांकडून. सर रोह्याला शाळेत इंग्रजी शिकवायचे. त्यांच्या घरचा गणपती दरवर्षी दाजींकडूनच जायचा, वीतभर उंचीचा, पाटावर बसलेला. एकदा सर गणपती सांगायला आले तेव्हा डोळ्यांच्या खोलीत रेडिओ बंद होता. “का हो, रेडिओ बिघडला?” तर दाजी म्हणाले, “बिघडला नाय. शब्द आला की हात त्याच्या मागं जातो. भजन लावलं तर ब्रश टाळ धरतो. आन् काय नाय लावलं तर बाहेरची सगळी खटखट आत येते.”

पुढच्या खेपेला सर एक प्लेअर आणि सहा रेकॉर्ड घेऊन आले. त्यांचा थोरला भाऊ बोटीवर होता, त्यानं कधीकाळी अमेरिकेहून आणलेल्या. “ऐकून बघा. यात शब्द नाहीत. आणि कुणी कुणावर ओरडत नाही.”

पाकिटावर चार काळे गृहस्थ. काळे सूट, टाय, हात मांडीवर, चेहरे गंभीर. कारखान्यातला काळुराम ते पाकीट बघून म्हणाला, “हे तर वकील दिसतात. निकालाची वाट बघत बसलेत.” झालं. त्या दिवसापासून त्या गाण्याचं नाव वकिलांचं गाणं. दाजी आत गेले आणि सूर सुरू झाला की पडवीत कुणीतरी म्हणायचं, “वकील बसले,” आणि बोलण्याचे आवाज खाली यायचे. एक बाजू संपली, आतून दाजींचा खोकला आला, पाट सरकला, की “वकील उठले.” मग चहा आत जायचा, निरोप जायचे, कुणाची तक्रार असली तर तीही जायची. अठरा-वीस मिनिटांनी दाजी उठून रेकॉर्ड उलटायचे, आणि पुन्हा वकील बसायचे. असं तीस वर्षं.

प्रणिता रोह्याजवळच्या खांब गावची. शाळा-कॉलेज रोह्याला, बीएस्सी झालेली, आणि शाळेत त्र्यंबकसरांच्याच हाताखालून गेलेली. हे स्थळही सरांनीच सुचवलं. “मुलगा सुशील, धाटावच्या कंपनीत आहे, चांगला आहे. पण सासरे त्याहून चांगले आहेत,” असं त्यांनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा सासूबाई नव्हत्या. घरात तीन माणसं, आणि भिंतीपलीकडे ते चौघं. डोळ्यांची खोली आणि तिची झोपायची खोली यांत एकच भिंत होती.

पहिल्या महिन्यात कधीतरी, वकील उठलेले असताना, ती चहा घेऊन आत गेली. दाजी म्हणाले, “बस. आता बोलायला हरकत नाय. तुला इंग्रजी येतं ना, वाच बघू ह्यांची नावं.” तिनं पाकिटावरची चारही नावं वाचून दाखवली. दाजींनी ऐकली आणि सोडून दिली.

“नावं कशाला. हा बघ, हा ठिबक्या.” त्यांनी दुसऱ्या गृहस्थावर बोट ठेवलं. “लोखंडाच्या पट्ट्या असतात म्हणं, त्यांवर मारतो. पागोळ्या गळतात तसं वाटतं. हा पेटीवाला, कमी बोलतो. हा म्हातारा, मोठ्या तंबोऱ्यागत कायतरी घेऊन मागं उभा असतो, चालत ऱ्हातो नुसता. आन् हा झाडूवाला.”

“झाडूवाला?”

“ढोल वाजवत नाय तो. झाडूगत काड्यांनी झाडतो. ऐक की. बाकीच्यांना बसायला अंगण करून देतो.”

त्यांनी बाजू उलटली. ती उठायला लागली तर म्हणाले, “ऱ्हा आजच्या दिवस. आज आखणी नाय.” म्हणून तिनं पहिल्यांदा ते समोर बसून ऐकलं. ठिबक्यानं एक वाक्य टाकलं. ते अर्ध्यावर आलं असेल तोवर पेटीवाल्यानं तेच वाक्य मागून सुरू केलं, आणि दोघं एकमेकांच्या पायात न येता पुढे गेले. मध्येच सूर पळायला लागले, नागमोडी, एवढ्या घाईनं की तिला वाटलं आता कुठंतरी आपटणार. आपटले नाहीत. खाली म्हातारा त्याच चालीनं चालत होता.

सरांना तिनं नंतर विचारलं होतं. सर म्हणाले, “हे जाझ. त्यातही बॉप म्हणून एक तऱ्हा आहे, उड्या मारणारी, रात्रीच्या क्लबातली. या चौघांनी ती उचलली आणि युरोपातल्या दिवाणखान्यात जसं चार जण बसून मोजकं वाजवतात, त्या बैठकीत आणून ठेवली. दंगेखोर मुलांनी सूट घालून पाहुण्यांसमोर बसावं, तसं.” दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, “तेच ते. घाई सगळी आत हाय. वरून बघ कसे सोवळ्यात बसलेत.”

साईराज झाला तो साडेसात महिन्यांचा. वीस दिवस काचेच्या पेटीत होता. त्या वीस दिवसांत प्रणिताला एक सवय लागली, ती त्याला घरी आणल्यावरही सुटली नाही: तो झोपला की त्याचे श्वास मोजायचे. सुशीलनं मग पाळण्यावर लावायला एक छोटा कॅमेरा आणून दिला. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, फोनवर साईराजची छाती वर-खाली होताना दिसायची. “पोराला नजर लागंल गो, बाहेरची नाय, तुझीच,” कृष्णाबाई चिडवायची. प्रणिता चिडत नसे. आपण लक्ष ठेवतो म्हणून सगळं जागेवर आहे, असं तिला मनातून वाटायचं.

हे लक्ष मग दाजींकडे वळलं. त्र्याहत्तर वय, गुडघे गेलेले. पाटावरून उठायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, रेकॉर्ड उलटायची, परत येऊन बसायचं. हंगामात दिवसाला वीस-वीस वेळा. जूनमध्ये एकदा ते उठता उठता भिंत धरून खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणाले, पाणी प्यायले, पुन्हा कामाला लागले. प्रणितानं मात्र त्या रात्रीच ठरवलं. पुढच्या रविवारी सहाही रेकॉर्ड साडीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून ती सुशीलबरोबर रोह्याला गेली. सरांचा नातू सुश्रुत तेव्हा सुट्टीवर आलेला. त्याच्याकडे रेकॉर्डवरचं गाणं कॉम्प्युटरवर घ्यायचं यंत्र होतं.

आठवड्यानं सरांचा फोन आला. “सुश्रुत विचारतोय, खरखर काढून टाकू का?”

“काढा ना सर.”

“आणि बाजू संपल्यावरच्या, मधल्या रिकाम्या जागा? त्या ठेवू की जोडून देऊ?”

“जोडूनच द्या. सलग चालू दे. संपलं की पुन्हा पहिल्यापासून.”

सर म्हणाले, “बरं. माझ्यासाठीही एक तसंच करून घेतो. मलाही आता उठवत नाही गं.”

दाजींना पहिले दोन दिवस ते स्पीकरवरचं सलग गाणं आवडलं नाही. “बाजू संपतच नाय. कुठं थांबायचं कळत नाय,” ते म्हणाले. तिसऱ्या दिवसापासून तक्रार थांबली. काम जास्त होऊ लागलं. सकाळी दहाला आत गेले की जेवायलाच बाहेर यायचे, कधी दीडला, कधी दोनला. मधला चहा सुटला. प्रणिताला त्यातही बरंच वाटलं, साखर कमी जाते म्हणून. पडवीत “वकील बसले” एकदाच म्हटलं जायचं, आणि “वकील उठले” म्हणायचं सगळे विसरून गेले.

श्रावणातला गुरुवार होता. सुशील रोह्याकडे, कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला. दहाच्या ठोक्याला दाजी साईराजच्या गालाला हात लावून आत गेले, दार लागलं, झाडूवाल्यानं झाडायला सुरुवात केली. प्रणितानं साईराजला न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं. साडेअकराला तो झोपला. फोन टेकून ठेवून ती डाळ निवडत बसली. भिंतीपलीकडे ठिबक्या ठिबकत होता. तिला त्या सुरांची इतकी सवय झालेली की ऐकू येतंय हेही जाणवायचं नाही.

साडेबाराला कृष्णाबाई दारात आली. “दाजींनी आज पाणी पन नाय मागितलं गो.”

“भरात असतील, मावशी. रोह्याची ऑर्डर आहे ना. वकील चालू आहेत की.”

“वकील तर चालूच ऱ्हातात आता,” कृष्णाबाई म्हणाली. थोडा वेळ उभी राहिली. नियम तिलाही तीस वर्षांचा पाठ होता. मग गेली.

पावणेदोनला स्पीकरमधून एक बाई इंग्रजीत काहीतरी बोलली, टूं झालं, आणि गाणं बंद पडलं. चार्जिंग संपलं होतं.

कित्येक दिवसांनी कारखाना इतका गप्प झाला. पॉलिशपेपरची घासघासही थांबली. सगळे कशाची वाट बघतायत ते कुणी बोललं नाही, पण खोकला आला नाही, पाट सरकला नाही. प्रणिता निवडलेली डाळ तशीच टाकून धावली.

दाजी पाटाच्या बाजूला कुशीवर पडले होते. ब्रश हातात होता. डोळे उघडे होते आणि ते तिच्याकडे बघत होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. “दाजी,” ती म्हणाली. त्यांनी काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला, त्याचा नुसता ओला आवाज झाला.

काळुरामनं गाडी आणली. पेणच्या डॉक्टरांनी बघताक्षणी पनवेलला न्यायला सांगितलं. कृष्णाबाईकडे साईराजला टाकून प्रणिता मागच्या सीटवर दाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसली. सुशीलला मिळाली त्या रेल्वेगाडीनं तो रोह्याहून निघाला. कासू स्टेशनात त्याची गाडी थांबली तेव्हा त्याचा फोन आला. “बोलतायत का?” “नाही.” “ओळखतायत का?” “हो.” मग त्याची गाडी सुटली आणि फोन तुटला.

पनवेलला तरुण डॉक्टरीण होती. तिनं पहिला प्रश्न तोच विचारला. “यांना शेवटचं नीट कधी पाहिलंत?”

साईराज सव्वाअकराला जांभया द्यायला लागला, साडेअकराला झोपला, बारा चाळीसला कूस बदलली, हे प्रणिताला पाठ होतं. दाजींचं तिला एवढंच सांगता आलं, “सकाळी दहाला.”

“त्यानंतर कुणी पाहिलं नाही?”

“गाणं चालू होतं,” प्रणिता म्हणाली.

डॉक्टरणीला ते कळलं नाही. तिनं घड्याळ बघितलं. साडेतीन होऊन गेले होते. मेंदूतली गुठळी विरघळवायचं एक इंजेक्शन असतं, ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, असं तिनं समजावून सांगितलं. कधी झालं ते नक्की माहीत नसलं तर शेवटचं नीट पाहिलं तिथपासून मोजतात. आता ते देता येणार नाही. ती हळू आवाजात, नीट बोलली. ती ओरडली असती तर प्रणिताला सोपं गेलं असतं.

चार दिवसांनी प्रणिता घरी आली, तेव्हा कृष्णाबाई आणि ती डोळ्यांची खोली आवरायला गेल्या. ताटलीतला काळा रंग वाळून भेगाळला होता. बाजूच्या फळीवर त्या दिवशीच्या तीन मूर्ती होत्या, डोळे पूर्ण, वाळलेले. चौथी स्टुलावर. तिचा उजवा डोळा झालेला, डावा नाही. वीतभर, पाटावर बसलेली. सरांचा गणपती.

“एका बाजूला चार गणपती व्हायचे त्यांचे,” कृष्णाबाई म्हणाली. ती सहज बोलली. बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं आणि तिनं पदर तोंडाशी नेला.

प्रणिता पाटावर बसली आणि मोजत राहिली. बाजू अठरा मिनिटांची. चार मूर्तींतल्या साडेतीन झालेल्या. म्हणजे सव्वादहा. दाजी सव्वादहाला पडले. जुनी रेकॉर्ड असती तर आणखी तीन मिनिटांनी बाजू संपली असती, सुई आतल्या रेघेवर खसखसत राहिली असती, खोकला आला नसता, आणि कृष्णाबाई चहाचा कप घेऊन साडेदहाच्या आत दारात आली असती. त्याऐवजी साडेतीन तास ते चौघं वाजवत राहिले, आणि दाजी जमिनीवर पडून ऐकत राहिले. त्यांना हाक मारता येत नव्हती, आणि पलीकडे ती डाळ निवडत होती.

कृष्णाबाईनं “मी बोलले होते” असं तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही. तिनं कोपऱ्यातला झाडू घेतला आणि खोली झाडायला लागली. तो आवाज प्रणिताला सोसेना. ती बाहेर गेली.

सुशील बोलला तो एकदाच. दाजींना घरी आणल्यावर, रात्री पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा दिवा बघत तो म्हणाला, “असला एखादा तिकडे पण लावला असता आपण.” आपण म्हणाला, तू नाही. प्रणिता त्या शब्दाला धरून कितीतरी दिवस राहिली.

दाजींची उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांची खाट डोळ्यांच्या खोलीतच घातली, उजेड चांगला म्हणून. प्रणितानं स्पीकर कपाटात टाकला आणि जुना प्लेअर पुसून लावला. पहिल्या दिवशी सुई टेकवली तेव्हा आधी खरखर आली, मग झाडूवाला. दाजींनी डोळे मिटले. अठरा मिनिटांनी बाजू संपली, प्रणिता हातातलं टाकून आत आली, त्यांचं तोंड पुसलं, कूस बदलली, पाणी पाजलं, रेकॉर्ड उलटली. पुन्हा अठरा मिनिटांनी आली. दिवसाला वीस-वीस वेळा. तिचे गुडघे चांगले होते, तिला काही जड गेलं नाही.

गणेशचतुर्थीच्या चार दिवस आधी त्र्यंबकसर पेणला आले, काठी टेकत. दाजींजवळ बसले. प्रणितानं त्यांचा गणपती खाली मान घालून पुढे ठेवला. “सर, काळुराम डावा डोळा काढतो म्हणतोय.”

दाजींचा डावा हात हलला. प्रणिताला वाटलं, त्यांना ब्रश हवाय. तिनं तो रंगात बुडवून त्यांच्या बोटांत दिला, मूर्ती त्यांच्यासमोर धरली. रेकॉर्ड चालू होती. दाजी त्या रिकाम्या डोळ्याकडे बघत राहिले. ब्रश हवेत, मूर्तीपासून चार बोटांवर. ठिबक्याचं बोलून झालं, पेटीवाल्याचं झालं, म्हाताऱ्याची चाल मंद होत गेली आणि बाजू संपली. सुई खसखसायला लागली. तेव्हा दाजींनी ब्रश खाली सोडला. चादरीवर काळा डाग पडला.

रेकॉर्ड उलटायला प्रणिता उठली, तर त्यांनी डाव्या हातानं तिची ओढणी धरली. ती थांबली. पकड सोडेनात. मग ती खाटेच्या कडेवर बसली, आणि तिघंही ती खसखस ऐकत राहिले. खस, टक. खस, टक. दारात कृष्णाबाई येऊन उभी राहिली; तिच्या हातात सवयीनं चहाचा कप होता.

“दाजी, त्या मधल्या जागा मीच काढायला लावल्या,” प्रणिता म्हणाली. तिला हे किती दिवस सांगायचं होतं. दाजी तिच्याकडे बघत होते. त्या नजरेत राग होता की माया की नुसता थकवा, ते तिला ओळखता आलं नाही. दुसऱ्यांच्या गणपतींना इतकी वर्षं बोलके डोळे देणारा माणूस, आणि त्याच्या स्वतःच्या डोळ्यांतलं तिला वाचता येईना. ओढणी त्यांनी बऱ्याच वेळानं सोडली.

सर मूर्ती तशीच घेऊन गेले. “दुसरा डोळा कुणी काढायचा नाही,” म्हणाले. त्या वर्षी त्यांनी घरी सुपारी मांडून पूजा केली. एका डोळ्याचा गणपती त्यांच्या कपाटावर आहे, पंच्यात गुंडाळून.

पौषात, एका सकाळी, तिसऱ्या रेकॉर्डची पहिली बाजू संपली. प्रणिता आत आली तेव्हा दाजी गेलेले होते. हात अजून ऊन होता. अठरा मिनिटांपूर्वी तिनं त्यांना पाणी पाजलं होतं. या वेळी शेवटचं नीट कधी पाहिलं ते तिला मिनिटासकट सांगता आलं असतं. विचारणारं कुणी नव्हतं.

आता डोळ्यांच्या खोलीत काळुराम बसतो. फोनवर भजनं लावतो. साईराज चालायला लागलाय, तो त्या प्लेअरच्या टेबलाला धरून उभा राहतो. कॅमेरा प्रणितानं काढला नाही. सवय अशी जात नाही. पण आता तो नीट झोपलेला दिसत असला तरी ती मधूनच उठून आत जाते आणि त्याच्या पोटावर हात ठेवते.

तिचा जीव अडकलाय तो रोह्याला. त्र्यंबकसर एकटे आहेत. सुश्रुत बंगळूरला नोकरीला लागला. सरांच्या घरी तेच गाणं आहे, खरखर काढलेलं, जागा काढलेलं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत न थांबता चालणारं, आणि तेही तिच्यामुळेच. प्रणितानं फोनवर दहादा सांगितलं, सर, बंद करा ते, जुन्या रेकॉर्ड मी आणून देते. सर हसतात. “अगं, मला काय होतंय,” म्हणतात. ती रोज दहाला फोन करते. कधी ते उचलतात, कधी गाण्यात ऐकू जात नाही, मग संध्याकाळी त्यांचा उलट फोन येतो. तोवर तिचा दिवस कसा जातो ते तिचं तिला माहीत. पोराला घेऊन रोज रोह्याला जाणं तिला जमत नाही.

म्हणून हे वाचणाऱ्यांत कुणी रोह्याचे असाल तर तिचं एवढं काम करा. नदीपलीकडे अष्टमी गावात, पिठाच्या गिरणीच्या मागे, फाटकाशी अनंताचं झाड असलेलं बैठं कौलारू घर आहे. जाता-येता सरांना बघून या. फाटकाशी उभं राहिलात की आतून ते चौघं ऐकू येतील, ठिबक्या, पेटीवाला, म्हातारा, झाडूवाला. त्यांचं ऐकून परत फिरू नका. कडी आतून लावलेली नसते. आत जा, सरांना हाक मारा, आणि ते काहीतरी बोलेपर्यंत थांबा.